आवरणे आणि सावरणे : मनोरुग्णांच्या परिचारकांच्या शिक्षणाचा इतिहास

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने मनोरुग्णालयांच्या इतिहासात शिरावे, हे वाचकांस प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. निमित्त असे घडले की, मनोरुग्णांची व बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींची शुश्रूषा करणाऱ्या सेवकवर्गासाठी तयार झालेल्या एका इंग्रजी शिक्षणपुस्तिकेची मराठी परिभाषा सिद्ध करण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले, आणि पहिल्याच पानावर 'रिस्ट्रेंट' हा शब्द आडवा आला. शब्दकोश 'बंधन', 'निग्रह', 'अटकाव' असे पर्याय देतात. परंतु खवळलेल्या माणसाजवळ उभ्या राहिलेल्या सेवकाच्या तोंडी यांतला एकही शब्द येणार नाही. तो म्हणेल, "आवरा त्याला." मराठीत 'आवरणे' या क्रियापदाच्या शेजारीच 'सावरणे' हे क्रियापद उभे असते, घरकामाच्या संदर्भात तर 'आवरासावर' असा त्यांचा जोडशब्दच होतो. आवरणे म्हणजे दुसऱ्याच्या हालचालीला मर्यादा घालणे. सावरणे म्हणजे तोल जाणाऱ्याला आधार देणे. एकाच प्रसंगी, एकाच माणसाच्या हातून या दोन्ही क्रिया घडाव्या लागतात. मग त्या हातांना हे शिकवले कोणी व केव्हा, असा प्रश्न पडला, आणि परिभाषेचे काम बाजूस राहून इतिहासाचे वाचन सुरू झाले. त्या वाचनाचे फलित येथे मांडले आहे.

या विषयाचा प्रचलित इतिहास हा बहुतांशी डॉक्टरांचा इतिहास आहे. फिलिप पिनेल याने पॅरिस येथे वेड्यांच्या बेड्या तोडल्या, ही कथा शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचली आहे, आणि तोनी रोबेर-फ्लरी याच्या १८७६ मधील चित्राने ती डोळ्यांसमोर कायमची उभी केली आहे. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. पिनेल १७९३ मध्ये बिसेत्र येथील इस्पितळात आला, तेव्हा तेथील वेड्यांच्या विभागाचा कारभार झां-बातिस्त प्युसँ या गृहस्थाकडे होता. प्युसँ वैद्य नव्हता. तो चर्मकामाचा कारागीर असून गंडमाळेच्या विकाराने त्याच इस्पितळात रुग्ण म्हणून दाखल झाला होता, आणि बरा झाल्यावर तेथेच कामास राहिला. बिसेत्रमधील साखळ्या त्याने १७९७ मध्ये काढल्या. त्यावेळी पिनेल साल्पेत्रिएर या दुसऱ्या इस्पितळात गेलेला होता. पिनेलने आपल्या ग्रंथात प्युसँचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. ते श्रेय पुढच्या पिढीने पुसले, आणि त्यात पिनेलच्या मुलाचा वाटा मोठा होता.

आपल्या विषयाच्या दृष्टीने प्युसँच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. रुग्णावर हात उगारण्याची सेवकांस त्याने सक्त मनाई केली. आणि सेवक निवडताना तो शक्यतो बऱ्या झालेल्या किंवा बऱ्या होत आलेल्या रुग्णांतूनच निवडी. ज्याने स्वतः मार खाल्ला आहे तो मारण्यास सहसा धजत नाही, असा त्यामागील अनुभव असावा. प्युसँने साखळीच्या जागी लांब बाह्यांचा बांधता येणारा अंगरखा आणला, म्हणजे बंधन गेले नाही, ते कापडाचे झाले, हेही नमूद केले पाहिजे. तथापि नोकरवर्गाची निवड आणि वर्तणूक हाच उपचाराचा कणा आहे, ही जाण प्रथम एका अशिक्षित सेवकाला आली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये याच सुमारास, १७९६ मध्ये, यॉर्क येथे चहाचे व्यापारी विल्यम ट्यूक यांच्या पुढाकाराने क्वेकर पंथीयांनी 'रिट्रीट' ही संस्था उघडली. तिची हकीकत सुपरिचित असल्यामुळे येथे विस्तार करीत नाही. लिंकन या गावाची कथा मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. कारण तेथे प्रथमच या प्रश्नाचा हिशेब मांडला गेला.

लिंकनच्या इस्पितळात १८२९ मध्ये विल्यम स्क्रिव्हिंजर नावाच्या रुग्णाला रात्री बांधण्याचा अंगरखा घालून पलंगाला पट्ट्यांनी जखडले आणि त्याच्याजवळ कोणीही न ठेवता सेवक निघून गेले. सकाळी तो मृत आढळला. या घटनेनंतर संस्थेने नियम केला की, रात्री कोणास बांधावयाचे झाल्यास एका सेवकाने रात्रभर त्याच्याजवळ बसले पाहिजे. नियम साधा, पण परिणाम दूरगामी. बांधणे ही आतापर्यंत सेवकाच्या सोयीची गोष्ट होती. नव्या नियमाने ती गैरसोयीची झाली. जागरणाचा प्रश्न येताच पुष्कळ रुग्णांना बांधण्याची मुळी गरजच नाही, असे आढळू लागले!

डॉ. चार्ल्सवर्थ यांच्या आग्रहामुळे प्रत्येक बंधनाची नोंद ठेवण्याची पद्धत तेथे पडली होती. १८३५ मध्ये तेथे शल्यवैद्य म्हणून रुजू झालेल्या रॉबर्ट गार्डिनर हिल यांनी ती आकडेवारी पुढे प्रसिद्ध केली. १८३० मध्ये एकूण ९२ रुग्णांपैकी ५४ जणांस केव्हा ना केव्हा बांधले गेले होते, आणि त्या बंधनाचे तास सत्तावीस हजारांहून अधिक भरले होते. १८३७ मध्ये १३० रुग्णांपैकी फक्त दोघांस बांधावे लागले. एकूण तास २८. पुढल्या वर्षी ही संख्या शून्यावर आली. हिल यांनी याचे श्रेय औषधांना दिले नाही. देण्याजोगे औषध त्या काळी नव्हतेच. योग्य इमारत, सतत देखरेख आणि पुरेशा संख्येने नेमलेले, बळकट, शांत स्वभावाचे व चांगले वेतन मिळणारे सेवक, ही त्यांची त्रिसूत्री. मात्र ही शांत वृत्ती सेवकाच्या अंगी कशी आणावी, याविषयी हिल यांचे मौन आहे. असा माणूस शोधून आणावा, एवढेच ते सुचवितात. तो घडवता येतो, हा विचार अद्याप जन्मावयाचा होता.

लिंकन पाहून आलेल्या जॉन कॉनॉली यांनी जून १८३९ मध्ये लंडनजवळील हॅनवेल इस्पितळाची सूत्रे हाती घेतली आणि सप्टेंबर अखेरच्या आत, सुमारे आठशे रुग्णांच्या त्या प्रचंड संस्थेत यांत्रिक बंधनांचा वापर थांबविला. कॉनॉली हे विद्यापीठात प्राध्यापकी केलेले विद्वान होते. आणि नव्या व्यवस्थेचा सारा भार सेवकांवर पडणार, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. त्यांच्या लेखनात सेवकांचे वेतन, विश्रांती, निवड या गोष्टींना जे स्थान मिळाले आहे, ते त्या काळी दुर्मिळ होते. परंतु हॅनवेलचा प्रयोग देशभर अनुकरणीय ठरला, तेव्हा सर्वत्र कॉनॉली नव्हते. पट्टे काढा असा हुकूम सुटला. पट्ट्यांच्या जागी काय करावयाचे, हे कोणी सांगितले नाही. तेव्हा त्यांची जागा हातांनी घेतली, आणि हातांची नोंद कोणत्याही वहीत होत नव्हती.

त्याचे फळ १८६०–७० च्या दरम्यान दिसू लागले. निरनिराळ्या इस्पितळांत रुग्ण मरत, आणि शवविच्छेदनात त्यांच्या बरगड्या मोडलेल्या आढळत. मात्र कातडीवर वळ किंवा जखम नसे. वेड्यांची हाडेच ठिसूळ असतात, असे स्पष्टीकरण काही वैद्यांनी पुढे केले. १८७० मध्ये कादंबरीकार चार्ल्स रीड यांनी लंडनच्या 'पॉल मॉल गॅझेट' या वृत्तपत्राला पत्र लिहून दुसरे स्पष्टीकरण दिले. या कामातून बाहेर पडलेल्या माणसांकडून त्यांना कळले होते की, अनावर रुग्णाला जमिनीवर पाडून सेवक त्याच्या अंगावर गुडघ्यांनी चालतो. गुडघा मुठीसारखी खूण ठेवीत नाही. हाड मोडते, कातडी शाबूत राहते.

हे पत्र वाचताना केवळ क्रौर्याने मन विषण्ण होते असे नाही. त्यात आणखी एक गोष्ट सांगितली गेली आहे, तिच्याकडे इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. गुडघ्याची ही युक्ती एका सेवकाने शोधलेली नाही; ती एकाने दुसऱ्यास दाखविलेली आहे. म्हणजे शिक्षण त्या इस्पितळांत होतेच! पुस्तक नव्हते, वर्ग नव्हता, परंतु जुना सेवक नव्याला तोंडी परंपरेने आपला धंदा शिकवीत होता. जेथे औपचारिक शिक्षण नसते तेथे शिक्षणाची पोकळी असते, हा आपला समज चुकीचा आहे. तेथे दुसरे शिक्षण चालू असते, आणि ते बहुधा अधिक परिणामकारक असते, कारण ते शेजारी उभे राहून दिलेले असते.

औपचारिक शिक्षणाचा आरंभ स्कॉटलंडमध्ये झाला. डम्फ्रीज येथील क्रायटन संस्थेत डब्ल्यू. ए. एफ. ब्राउन यांनी १८५४ मध्ये आपल्या सेवकवर्गापुढे तीस व्याख्यानांची माला गुंफली. पुढे तीस वर्षे हा उपक्रम अपवादच राहिला. १८८५ मध्ये ब्रिटिश मनोवैद्यकांच्या संघटनेने वेड्यांच्या परिचारकांसाठी छोटी शिक्षणपुस्तिका प्रसिद्ध केली, आणि १८९१ मध्ये तिच्या आधाराने पहिल्या परीक्षा होऊन प्रमाणपत्रे दिली जाऊ लागली. ही पुस्तिका तिच्या तांबड्या बांधणीमुळे पुढे 'रेड हँडबुक' म्हणूनच ओळखली गेली. सेवकाला शरीररचना व मज्जासंस्था शिकवून काय साधणार, अशी कुरकुर वैद्यांतून झाली. तर सामान्य रुग्णालयांतील परिचारिकांच्या पुढारी बेडफर्ड फेनविक बाईंनी या प्रमाणपत्रधारकांना आपल्या पंक्तीस बसविण्यास कडवा विरोध केला. असो.

भाषेच्या अभ्यासकास या शतकभराचा आलेख तीन शब्दांत दिसतो. अठराव्या शतकात हा माणूस 'कीपर' होता, म्हणजे रखवालदार. प्राणिसंग्रहालयातल्या रखवालदारालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. एकोणिसाव्या शतकात तो 'अटेंडंट' झाला, म्हणजे जवळ उभा राहणारा. विसाव्या शतकात तो 'नर्स' झाला. प्रत्येक नवा शब्द कागदावर आधी आला आणि वागणूक मागाहून आली, कित्येकदा आलीच नाही.

आपल्याकडील परंपरेत या बाबतीत एक विलक्षण विसंगती आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, आणि वैद्य, औषध व रुग्ण यांच्या बरोबरीने 'उपस्थाता' म्हणजे परिचारक हा त्यांपैकी एक आहे. त्याच्या चार गुणांत उपचारज्ञता पहिली येते. म्हणजे सेवकाला ज्ञान हवे, ही कल्पना येथे मूळ धरून होती. उन्मादाच्या चिकित्सेत रुग्णाला बळकट परंतु त्रास न देणाऱ्या पट्ट्यांनी बांधून, लोखंड-लाकूड नसलेल्या अंधाऱ्या खोलीत ठेवावे, असेही तेथे सांगितले आहे. बंधन इजा करणारे असू नये आणि खोलीत इजेचे साधन असू नये, या दोन्ही दक्षता आजच्या नियमावलीत जशाच्या तशा सापडतील. परंतु ब्रिटिश अमदानीत जी इस्पितळे उभी राहिली त्यांचा आदर्श चरक नव्हता. १८५८ चा कायदा आणि त्यानंतरचा १९१२ चा कायदा यांचा भर रुग्णाला दाखल करणे, डांबणे व त्याच्या मालमत्तेची व्यवस्था लावणे यांवर होता. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर येथील संस्थांची नावे पुढे 'वेड्यांचे इस्पितळ' यावरून 'मनोरुग्णालय' अशी बदलली. पण 'याला आता ठाण्याला पोहोचवा' किंवा 'येरवड्याला जागा पाहा' ही थट्टा मराठी माणसाच्या तोंडून गेलेली नाही. पुण्यात तर येरवडा म्हटले की तुरुंग व इस्पितळ दोन्ही सुचतात, आणि थट्टा करणाऱ्याला त्यांतला फरक सांगण्याची गरज वाटत नाही.

१९५२ मध्ये पॅरिस येथे क्लोरप्रोमाझीन या औषधाचा मनोरुग्णांवर वापर सुरू झाला आणि वॉर्डांतील आरडाओरडा ओसरला. बंधनाचे हे तिसरे रूप होय. लोखंड, कापड आणि आता रसायन. औषधाचे उपकार कोणी नाकारू नयेत, परंतु त्यामुळे हातांच्या शिक्षणाचा प्रश्न आणखी तीस वर्षे लांबणीवर पडला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९८० नंतर तो ब्रिटनमध्ये पुन्हा वर आला, तेव्हा त्याचे उत्तर तुरुंग खात्याकडून घेण्यात आले. कैद्यांना काबूत आणण्यासाठी जपानी युद्धकलांवरून बेतलेल्या, मनगट पिरगाळून वेदनेने शरण आणणाऱ्या पकडी रुग्णालयांतील परिचारकांना शिकविल्या जाऊ लागल्या. शिक्षण आले खरे, पण ते फक्त आवरण्याचे.

३० ऑक्टोबर १९९८ रोजी इंग्लंडमधील नॉरिच येथे डेव्हिड बेनेट हा अडतीस वर्षांचा रुग्ण परिचारकांनी जमिनीवर पालथा दाबून धरलेला असताना मरण पावला. चौकशी समितीने कोणासही पालथे दाबून तीन मिनिटांहून अधिक काळ धरू नये, अशी शिफारस केली. यामागील शरीरशास्त्र अवघड नाही. पालथ्या माणसाच्या पाठीवर भार पडला की छाती फुगू शकत नाही आणि पोट दबल्यामुळे श्वासपटल खाली सरकत नाही. झटापटीमुळे प्राणवायूची गरज तर वाढलेली असते. गुदमरणारा माणूस सुटण्यासाठी अधिक जोराने धडपडतो. धरणाऱ्यांना तो प्रतिकार वाटतो, आणि ते अधिक दाबतात. अखेर तो शांत होतो, तेव्हा आपल्याला यश आले असे त्यांस वाटते. 'श्वास घेता येत नाही' असे ओरडणाऱ्याला 'बोलता येते म्हणजे श्वासही येतो' असे उत्तर मिळाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. हे उत्तर शास्त्रदृष्ट्या खोटे आहे. चार शब्द उच्चारण्यापुरती हवा आत असणे म्हणजे जगण्यापुरती हवा असणे नव्हे. चिन्हशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर दोन भिन्न अर्थांना येथे एकच चिन्ह आहे, आणि वाचणारा घाबरलेला असल्यामुळे तो नेहमी आपल्या भीतीला जुळणारा अर्थ घेतो. म्हणून आजच्या शिक्षणक्रमात अशा प्रसंगी एका व्यक्तीकडे रुग्णाचे डोके, चेहरा व श्वास यांवर लक्ष ठेवण्याचे काम सोपविले जाते, आणि 'सोडा' असा हुकूम देण्याचा अधिकार तिला असतो.

याच दशकांत वर्तनाचे नावही बदलले. 'हिंसक', 'उपद्रवी' या विशेषणांच्या जागी 'चॅलेंजिंग बिहेविअर' हा शब्दप्रयोग १९८० नंतर रूढ झाला. त्याच्या कर्त्यांचा हेतू असा होता की, आव्हान रुग्ण देत नसून ते सेवा पुरविणाऱ्या संस्थेपुढे उभे राहते. दोष व्यक्तीच्या अंगी चिकटवू नये. मराठीत 'आव्हानात्मक वर्तन' असे भाषांतर करताच हा हेतू नाहीसा होतो, कारण आपल्या कानाला आव्हान देणारा म्हणजे दंड थोपटून उभा राहिलेला पहिलवानच दिसतो. प्रस्तुत लेखकाच्या टिपणांत मुद्रणप्रत करणाऱ्याने एके ठिकाणी 'आव्हान' ऐवजी 'आवाहन' असे टाइप केले. ही चूक मराठीत नित्याची आहे आणि ती दुरुस्त करणे आमचे कर्तव्यच. पण त्या दिवशी लेखणी क्षणभर थांबली. कारण १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नेमके तेच दाखवून दिले होते.

त्यांनी विकासात्मक अक्षमता असलेल्या चार मुलांचे वर्गातील वर्तन पाहिले. ओरडणे, मारणे, स्वतःस इजा करणे हे प्रकार केव्हा घडतात याची त्यांनी नोंद केली. तेव्हा काही मुलांत ते काम अवघड झाले म्हणजे घडतात, तर काहींत मोठ्यांचे लक्ष कमी झाले म्हणजे घडतात, असे आढळले. मग त्यांनी मुलांना एकेक वाक्य शिकविले. अवघड कामाने त्रासणाऱ्याला 'मला समजत नाही' या अर्थाचे, आणि लक्ष हवे असणाऱ्याला 'माझे काम चांगले चालले आहे ना?' या अर्थाचे. योग्य वाक्य मिळताच वर्तन झपाट्याने कमी झाले. चुकीचे वाक्य शिकविले, तर काही फरक पडला नाही. म्हणजे ठोसा हा एका वाक्याच्या जागी आलेला होता, आणि कोणत्या वाक्याच्या, हे ओळखणे हेच परिचारकाचे पहिले काम ठरते. आमच्या शास्त्रात ज्याला आम्ही प्रयोजन म्हणतो, ते येथे एका मुलाच्या दातांच्या खुणांत शोधावयाचे आहे.

या विचाराची दुसरी बाजू परिचारकाच्या स्वतःच्या भाषेची. लेन बॉवर्स व त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडमधील १५ रुग्णालयांच्या ३१ वॉर्डांत केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिकविलेल्या दहा गोष्टींपैकी निम्म्याअधिक केवळ बोलण्याच्या होत्या : नकार कसा द्यावा, वाईट बातमी केव्हा व कशी सांगावी, चढलेला आवाज कसा उतरवावा. ज्या वॉर्डांत हे शिकविले त्यांत संघर्षाचे प्रसंग १५ टक्क्यांनी, आणि बंधन, कोंडणे, सक्तीचे औषध यांचे प्रसंग २६ टक्क्यांनी कमी झाले. आकडे लिंकनइतके नाट्यमय नाहीत. पण लिंकनमध्ये एका असामान्य माणसाने जे केले, ते येथे सामान्य नोकरवर्गाने केले.

भारतात या प्रश्नाची कठोर आठवण ६ ऑगस्ट २००१ रोजी झाली. तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले रुग्ण पळू न शकल्यामुळे २८ जण मृत्युमुखी पडले. प्युसँच्या साखळ्या निघाल्यास तेव्हा दोनशेहून अधिक वर्षे झाली होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधण्यास कोणत्याही स्वरूपात मनाई केली आहे, एकांतकोठडी निषिद्ध ठरविली आहे, आणि शारीरिक बंधन हे तत्काळ इजा टाळण्याचा एकमेव मार्ग असेल तेव्हाच व प्रभारी मनोवैद्याच्या संमतीनेच करता येईल, असे म्हटले आहे. प्रत्येक वेळेची नोंदही ठेवावयाची आहे. चार्ल्सवर्थ यांची वही अशा रीतीने आपल्याकडे पोहोचली. परंतु मनोवैद्य वॉर्डात येईपर्यंतच्या काही मिनिटांत तेथे जो उभा असतो, तो बहुधा चतुर्थ श्रेणीतील सेवक किंवा आया असते. त्यांच्या शिक्षणाची पुस्तिका त्यांच्या भाषेत असावी, म्हणूनच तर परिभाषेचे हे काम हाती घेतले होते.

त्या कामासाठी शब्द गोळा करीत असता मनोरुग्णालयातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध सेवकाशी प्रस्तुत लेखकाचे बोलणे झाले. ते दोन क्रियापदे कटाक्षाने वेगळी वापरीत होते. नवीन पोरांविषयी सांगताना 'त्यांनी पेशंटला पकडला' असे म्हणत. स्वतःविषयी सांगताना 'मी धरला'. हा भेद जाणूनबुजून करता काय, असे विचारल्यावर ते जरा गोंधळले. मग आपला उजवा हात पुढे करून त्यांनी माझा हात कोपरालगत, खालच्या बाजूने, तळहात उघडा ठेवून पेलला, आणि म्हणाले, "हे धरणं. आता तुम्ही हात ओढा." मी ओढला, तेव्हा त्यांचा हात माझ्या हाताबरोबर आला, अडवला नाही. पुस्तिकेच्या परिभाषासूचीत 'रिस्ट्रेंट' या शब्दापुढे 'आवरणे' हाच पर्याय ठेवला आहे. त्याच्या खालच्या ओळीत, मूळ इंग्रजी सूचीत नसलेली एक नोंद वाढविली आहे : 'सावरून धरणे'.